वाचनालयाची तालिका कोणाच्या हातात? नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१९ चा पहिला रविवार. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला होता आणि जुन्या नाशकात जो तो एकच विचारत होता, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलंय?" गोदाघाटावरच्या या मूर्तीवरूनच शहर पुराची उंची जोखते. आमचे वाचनालय गोदाघाटापासून चालत पाच मिनिटांवर. सकाळीच फोनाफोनी झाली. आम्ही सात-आठ सभासदांनी तळमजल्यावरच्या खालच्या फळ्या रिकाम्या केल्या आणि ग्रंथ जिन्याने वर नेले. पाणी आत आले तेव्हा खाली एकही पुस्तक नव्हते. टेबलाखालच्या संगणकाकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही.

पुस्तके बचावली. कोणते पुस्तक कुठल्या कपाटात आहे आणि कोणत्या सभासदाकडे गेले आहे, हे सांगणारी तालिका ज्यात होती तो संगणक मात्र बंद पडला. त्याआधी आणि त्यानंतर जे घडले ते मी इथे सविस्तर मांडतो आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात संगणक विभागात काम करतो आणि शाळेत असल्यापासून या वाचनालयाचा सभासद आहे. बंदिस्त प्रणाली घ्यायची की जिचा मूळ कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशी खुली, या पुढच्या निर्णयात माझा हात होता, तेव्हा मी तटस्थ नाही. वाचनालयाचे किंवा जुन्या विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण हे कोणावर दोष ठेवण्यासाठी लिहिलेले नाही.

२००३: तेव्हाचा निर्णय

वाचनालय 'ब' वर्गाचे, ग्रंथसंख्या ३४,००० च्या आसपास. संगणकीकरण २००३ मध्ये झाले. दोघा भागीदारांच्या एका छोट्या कंपनीने व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली प्रणाली दिली. माहिती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलमध्ये साठायची आणि मराठी मजकूर त्या कंपनीने निवडलेल्या एका फाँटमध्ये असायचा. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला, काडेपेटीएवढे राखाडी हार्डवेअर लॉक दोन स्क्रूंनी आवळलेले असे. सगळे त्याला डोंगल म्हणत. ते काढले की प्रणाली उघडत नसे.

हा निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. भागीदारांपैकी एक जण वर्षातून दोनदा एसटीने यायचे आणि दिवसभर आमच्या ग्रंथपाल ताईंच्या शेजारी बसायचे. अनुदानासाठीच्या वार्षिक अहवालात एखादा रकाना बदलला, तर तिथल्या तिथे तो बदलून द्यायचे. इतकी आपुलकीची सेवा आम्हाला नंतर कोणाकडूनही मिळाली नाही. दाखल नोंदवहीतली एकेक ओळ टंकून घ्यायला दोन मुलींना चौदा महिने लागले होते.

२०११ मध्ये त्यांचा फोन लागेनासा झाला. कंपनी बंद झाल्याचे नंतर कळले. एक भागीदार वारले होते, दुसरे दुसऱ्या धंद्यात गेले होते. त्यात कोणाची लबाडी नव्हती. पण त्या प्रणालीचा मूळ कोड ज्यांच्याकडे होता ती माणसे गेली आणि तो कोडही त्यांच्याबरोबर गेला. आमच्याकडे उरली एक सीडी, एक डोंगल आणि शेवटच्या वार्षिक देखभाल कराराची पावती.

गोठलेली आठ वर्षे

२०११ ते २०१९ या काळात वाचनालय गोठलेल्या प्रणालीवर चालले. व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि मदत, मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच थांबवला होता, विंडोज एक्सपीचा एप्रिल २०१४ मध्ये. नवीन संगणक घ्यावा तर त्याला प्रिंटरचे ते जुने रुंद पोर्ट नाही. म्हणून दोन जुने मदरबोर्ड घेऊन कपाटात ठेवले होते, एक बिघडला की दुसरा. तो संगणक इंटरनेटला जोडायचा नाही, असा ताईंचा सक्त नियम होता आणि तो बरोबरच होता.

या काळात पैसे फारसे खर्च झाले नाहीत, त्यामुळे कार्यकारिणीला सगळे ठीक वाटत होते. त्याची किंमत ताई मोजत होत्या. अहवालाचा नमुना बदलला की प्रणालीतून आकडे काढायचे, कागदावर लिहायचे, कॅल्क्युलेटरवर बेरीज करायची. दर मार्चमध्ये त्यांचा आठवडा यात जायचा. अशी मेहनत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, आणि दोन तंत्रज्ञानांच्या खर्चाची तुलना करताना सर्वांत आधी तीच सुटते असे मला वाटते.

पुरानंतर

संगणक वाळवला. हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली तर तीही वाचता आली. डोंगल मात्र उघडून पाहिले तेव्हा आतल्या जोडणीवर पांढरी बुरशीसारखी पुटे चढली होती. प्रणाली सुरू केली की पडद्यावर एकच चौकट येई, लॉक सापडत नाही. सोळा वर्षांच्या नोंदींची फाइल समोर होती आणि ती उघडण्याचा अधिकार एका भिजलेल्या डबीकडे होता. सीडीवरच्या बॅकअपमध्ये तरी वेगळे काय असणार? तीच फाइल.

वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. ॲक्सेसच्या फाइलची आतली रचना मायक्रोसॉफ्टने पूर्णपणे कधी जाहीर केली नाही. तरीही काही स्वतंत्र प्रोग्रामरांनी ती अभ्यासून एमडीबी-टूल्स नावाचे मुक्त साधन लिहून ठेवले आहे. आमच्या फाइलला पासवर्ड होता, पण आतला मजकूर कूटबद्ध नव्हता. आधी मी कार्यकारिणीतल्या वकील सभासदांना विचारले. ते म्हणाले, "प्रणाली त्यांची, नोंदी आपल्या. त्यांचा प्रोग्राम फोडू नका, आपली वही वाचा." एका संध्याकाळी सगळी कोष्टके साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर आली. ताई शेजारीच उभ्या होत्या. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या तशा त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी चष्मा काढून पुसत राहिल्या.

पण ओळींत मराठी नव्हते. होती ती इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि डॉलरची चिन्हे.

फाँटचे कुलूप

महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांच्या कपाटात आजही हे कुलूप लागलेले आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जुन्या मराठी फाँटमध्ये 'क' हे अक्षर म्हणून साठत नसे. साठायचा तो एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या जागी फाँट बनवणाऱ्याने 'क' चे चित्र ठेवलेले असे. दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये त्याच क्रमांकावर 'ळ' असू शकतो. म्हणजे फाँट गेला की मजकूर गेला. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारे इस्की हे मानक होते, १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्धही झाले. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांसाठी एकच क्रमांकन देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या मांडणीवरच बेतलेला होता. आमचे संगणकीकरण झाले ते त्यानंतर बारा वर्षांनी. पण मराठी टंकणाऱ्या माणसांच्या टेबलापर्यंत युनिकोड तोवर पोहोचले नव्हते.

रूपांतरासाठी आम्ही तक्ता केला, कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर किंवा अक्षराचा तुकडा. अर्धा ग, काना, वरचा रफार, खालचा उकार, सगळे वेगळे. तक्ता सोपा होता, क्रम कठीण. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठतात. 'आर्थिक' हा शब्द घ्या. त्यात वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच 'थ' वर आहेत. आमच्या पहिल्या प्रयत्नात वेलांटी 'थ' च्या मागे गेली, रफार होता तिथेच राहिला आणि पुढच्या 'क' वर जाऊन बसला. झाले 'आथिर्क'. जुन्या मराठी संकेतस्थळांवर 'वाषिर्क' आणि 'आथिर्क' ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही चूक कुठून येते ते आता कळेल.

'ऱ्या' ने तर आठवडा घेतला. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडते आणि दुसरे नाही. 'ॲ' चेही तसेच. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र देऊन काम भागवत, आणि काही कळफलक आजही तसेच करतात. खुले मानक आले म्हणून मराठीचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत, एवढे मी या आठवड्यात शिकलो. फरक असा की इथे चूक कुठे आहे हे आम्हाला शोधता आले, कारण नियम छापलेले होते.

तीन पर्याय

ऑक्टोबरमध्ये कार्यकारिणीची बैठक झाली. पहिला पर्याय, दुसऱ्या एका विक्रेत्याची बंदिस्त प्रणाली, वार्षिक शुल्कावर, त्यांच्या क्लाउडवर. पडदे देखणे, मराठी पूर्ण, फोनवर मदत. दुसरा, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय. त्याची नवी आवृत्ती केंद्राच्याच क्लाउडवर चालते. आमचे इंटरनेट तेव्हा दिवसातून दोनदा जायचे, म्हणून हा पर्याय फार लांबला नाही. तिसरा, कोहा ही ग्रंथालयांसाठीची खुली प्रणाली.

कोहाचा जन्म मी बैठकीत मुद्दाम सांगितला. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली वर्ष २००० च्या अडचणीत सापडली होती. त्या ग्रंथालय न्यासाने कॅटिपो कम्युनिकेशन्स नावाच्या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि मग कोणीही वापरावी, बदलावी म्हणून खुली केली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. एका छोट्या गावच्या ग्रंथालयाने आपल्यासारख्याच अडचणीतून केलेली गोष्ट आहे, हे ऐकून बैठकीतली कुजबुज थांबली.

मग कार्यवाहांनी विचारले, "अहो, फुकट आहे म्हणता, पण उद्या बिघडलं तर फोन कोणाला करायचा?"

सगळ्या चर्चेतला हा सर्वांत रास्त प्रश्न होता. मी म्हणालो, आज मला, उद्या पुण्या-मुंबईत कोहाची कामे घेणाऱ्या कोणालाही, परवा इथल्याच अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याला. ते म्हणाले, "म्हणजे कोणालाही, किंवा कोणालाच नाही." हे वाक्य दोन वर्षांनी माझ्यासमोर पुन्हा उभे राहिले.

निर्णय शेवटी ताईंच्या प्रश्नावर झाला. त्यांनी पहिल्या विक्रेत्याच्या प्रतिनिधीला विचारले, "आम्ही सोडून जायचं ठरवलं तर आमच्या नोंदी कशा स्वरूपात द्याल?" उत्तर आले, पीडीएफमध्ये. कोहात तीच तालिका मार्क या स्वरूपात निघते. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांनी १९६० च्या दशकात उभे केले आणि आजही जगभरच्या ग्रंथालय प्रणाली ते वाचतात. ताई एवढेच म्हणाल्या, "पुन्हा चौदा महिने टंकायला मुली कुठून आणू?"

बसवणे आणि खर्च

पहिल्या वर्षी कोहा महाग पडले, हे स्पष्ट लिहायला हवे. परवान्याचे शून्य रुपये. पण छोटा सर्व्हर, यूपीएस, बारकोडची यंत्रे आणि लेबले, आणि मार्कमध्ये नोंदी बसवण्यासाठी एका जाणकाराला दिलेले मानधन धरले, तर बंदिस्त प्रणालीच्या पहिल्या वर्षाच्या शुल्कापेक्षा जास्त पैसे गेले. शिवाय माझे आणि दोन मित्रांचे शनिवार-रविवार.

मराठी शोध सुरुवातीला चाललाच नाही. कोहाचे शोधयंत्र झेब्रा, आणि ते मूळ मांडणीत रोमन अक्षरांसाठी तयार केलेले असते. देवनागरीसाठी त्यात आयसीयू नावाची वेगळी मांडणी लावावी लागते, मग सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. हे आम्हाला केरळ आणि बंगालमधल्या ग्रंथपालांच्या जुन्या टिपणांवरून कळले. मराठी भाषांतर अर्धवट होते, म्हणून ताईंना रोज लागणारे शब्द आम्ही स्वतः बसवले. देवघेव, अनामत, दाखल क्रमांक, विलंब शुल्क. पहिल्यांदा पडद्यावर 'देवघेव' दिसले तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, आता हे आपलं वाटतंय."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वाचनालय बंद झाले. परवानगी मिळाल्यावर ताई आणि एक शिपाई मोजके तास येऊन पडताळणी करू लागले. रूपांतरात शंका असलेली प्रत्येक नोंद त्यांनी जुन्या दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली. ती नोंदवही शाईने लिहिलेली, कापडी बांधणीची. २००३ च्या प्रणालीत टंकताना गळलेल्या काही नोंदी तिच्यातच सापडल्या. जानेवारी २०२१ मध्ये कोहावर पहिले पुस्तक दिले गेले.

२०२२: आमची चूक

सर्व्हरची देखभाल करणारा विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना त्याने सगळे सांगितले होते, मला तोंडी. बॅकअप रोज रात्री निघत होता, पण तो बाहेरच्या डिस्कवर उतरवणे हाताने करायचे काम होते आणि ते माझ्याकडे होते. कारखान्यात कामाचा ताण होता, मी सहा आठवडे गेलोच नाही. सर्व्हरची डिस्क बंद पडली आणि रोजचे बॅकअपही त्याच डिस्कवर होते.

सहा आठवड्यांची देवघेव गेली. ताईंनी सभासदांना एकेक फोन करून कोणाकडे कोणते पुस्तक आहे ते विचारले. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. काही पुस्तके परत आली नाहीत, आणि त्यांचा दोष माझ्यावर आहे. कार्यवाह मला काहीच बोलले नाहीत, पण "कोणालाही, किंवा कोणालाच नाही" हे त्यांचे वाक्य मला रात्रभर ऐकू येत होते.

या दिवसानंतर माझे मत पक्के झाले ते असे. दीर्घकाळात सगळेच जातात. विक्रेता जातो, विद्यार्थी जातो, मीही जाईन. तंत्रज्ञान निवडताना पाहायचे ते एवढेच की जाणाऱ्याच्या मागे येणाऱ्याला काम उचलता येईल का. बंदिस्त प्रणालीत ते कायद्याने आणि कुलपाने अडते. खुल्या प्रणालीत ते अडत नाही, पण कोणी उचललेच नाही तर तीही तितकीच मरते.

मोठ्या पातळीवरही हेच दिसते. कोहा ज्या डेटाबेसवर चालते त्या मायएसक्यूएलची कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मायएसक्यूएलच्या मूळ निर्मात्यांपैकी मायकेल वायडेनियस यांनी २००९ मध्ये तोच कोड घेऊन मारियाडीबी वेगळे काढले. आमच्या सर्व्हरवर आज तेच आहे. मालक दोनदा बदलला, तरी कोहा वापरणाऱ्यांचे काम थांबले नाही. खुद्द कोहाचेही असे झाले. त्याची कामे करणारी लिबलाइम ही अमेरिकी कंपनी २०१० मध्ये विकली गेली, कोहाचा जुना वेब पत्ता तिच्या हाती होता, आणि जगभरच्या ग्रंथालयांनी नवा पत्ता घेऊन काम पुढे नेले. आमच्या २००३ च्या प्रणालीला अशी वाट नव्हती. दुसरी बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरवाट घुसवलेली सापडली. वर्षानुवर्षे ते जवळपास एकटाच सांभाळणाऱ्या, थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवून कोणीतरी ती घातली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, म्हणून ती उघडकीला आली. आमच्या सर्व्हरवरच्या डेबियन लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचली नव्हती, तरी त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही.

वाचनालयाचे हिशेब अजूनही टॅलीत आहेत, आणि तिथेच राहावेत असे माझे मत आहे. सनदी लेखापाल तेच वापरतात, शहरात ते जाणणारी माणसे शेकड्यांनी आहेत आणि आकडे हवे तेव्हा एक्सेलमध्ये काढता येतात. देवघेवीच्या टेबलावरचे दोन संगणक विंडोज १० वर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा नियमित आधार संपला तेव्हा त्यांवर लिनक्स टाकले. ताईंना फक्त ब्राउझर लागतो, त्यांच्या कामात फरक पडला नाही.

आजची स्थिती

आता बॅकअप रोज आपोआप दुसऱ्या इमारतीत जातो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तालिका मार्कमध्ये आणि साध्या कोष्टकात काढून पेनड्राइव्हवर कपाटात ठेवली जाते. शेजारी एक बंद पाकीट असते, त्यात सर्व्हरचे पासवर्ड आणि सगळी प्रणाली कोऱ्या यंत्रावर उभी करायच्या पायऱ्या मराठीत छापलेल्या. वर्षातून एकदा ते पाकीट उघडायचे आणि ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा माणसाने करून पाहायचे, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे.

या वर्षी ती पाळी वाचनालयात नव्याने लागलेल्या साहाय्यक मुलीची होती. तिने ग्रंथालयशास्त्राची पदविका केली आहे, संगणकाशी तेवढाच संबंध. मी खोलीत होतो, पण बोलायचे नाही असे ठरले होते. अकराव्या पायरीला ती अडली. अनुक्रमणिका नव्याने बांधायची आज्ञा लिहायची राहून गेली होती, त्यामुळे पुस्तके दिसत होती पण मराठीत शोधली की एकही सापडत नव्हते. तिने ताईंना विचारले, ताईंनी माझ्याकडे पाहिले, मी गप्प राहिलो. अर्ध्या तासाने तिने कोहाच्या माहितीपत्रकातून ती आज्ञा शोधून काढली, चालवली, आणि शोधाच्या चौकटीत 'दऱ्या' टंकून पाहिले. मग कागदावर दहाव्या आणि अकराव्या पायरीच्या मध्ये पेनाने एक ओळ लिहिली, खाली तारीख घातली आणि पाकीट परत बंद केले.